सा रे ग म प लिटिल चॅम्प्स, २००८-०९ चं पर्व: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झी मराठीवरच्या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेतल्या या पर्वाला आता दीड दशकाहून जास्त काळ लोटला, तरी लग्नाच्या पंगतीत किंवा एसटीच्या प्रवासात कुणीतरी विषय काढतंच: "ती आळंदीची मुलगी जिंकली होती ना?" मग वाद सुरू. हे प्रश्न त्या वादांतूनच गोळा झाले आहेत. उत्तरं जमतील तेवढी सरळ दिली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचा.

हे पर्व नेमकं कधी झालं?

२००८ च्या उत्तरार्धात सुरू झालं आणि फेब्रुवारी २००९ मध्ये महाअंतिम फेरी झाली. मुलांची स्पर्धा ही कल्पना झीकडे आधीपासूनच होती. हिंदीत २००६ साली लिटिल चॅम्प्स झालं होतं. मराठीत मोठ्यांच्या सा रे ग म पने २००६ पासून जम बसवला होता. कोल्हापूरचा अभिजित कोसंबी त्यातूनच घराघरांत पोचला. त्यामुळे लहान मुलांचं पर्व आलं तेव्हा प्रेक्षक तयार होता, मंच तयार होता आणि वादकांचा ताफाही तयार होता. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे सविस्तर येतो, कारण माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

अंतिम फेरीतले पाच जण कोण?

कार्तिकी गायकवाड (आळंदी), प्रथमेश लघाटे (आरवली, तालुका संगमेश्वर), मुग्धा वैशंपायन (अलिबाग), आर्या आंबेकर (पुणे) आणि रोहित राऊत (लातूर). लोकांनी त्यांना 'पंचरत्न' म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं.

गावांची यादी पुन्हा एकदा वाचा. मुंबईचं एकही मूल नाही. पुणं सोडलं तर बाकी सगळी छोटी गावं नाहीतर जिल्ह्याची ठिकाणं. लातूरकर रोहितसाठी फोन हातात घेऊन बसले, रत्नागिरी जिल्हा प्रथमेशसाठी, अलिबागकर मुग्धासाठी. हे कुणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही, पण या पर्वाच्या लोकप्रियतेत गावाच्या अभिमानाचा वाटा फार मोठा होता.

कोण जिंकलं?

कार्तिकी गायकवाड.

पण आर्या जिंकायला हवी होती ना? किंवा प्रथमेश?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि विचारणाऱ्याला बहुधा उत्तर नकोच असतं, दुजोरा हवा असतो. तरी सांगतो.

महाअंतिम फेरीत प्रेक्षकांच्या एसएमएसला वजन होतं. त्या काळी एका फोनवरून कितीही मतं पाठवता येत, प्रत्येक एसएमएसला नेहमीपेक्षा जास्त दर लागे आणि त्यातून दूरसंचार कंपनी व वाहिनी दोघांनाही मिळकत होई. कार्यक्रमाच्या नावाआधीच 'आयडिया' या मोबाइल कंपनीचं नाव लागलेलं असायचं, हे आठवत असेलच. अशा मोजणीत सर्वांत सुरेल कोण याचा निकाल लागत नाही. कुणासाठी किती लोकांनी खिशात हात घातला, याचा लागतो. त्यामुळे "आर्याचा सूर जास्त पक्का होता" हे विधान आणि "कार्तिकी जिंकली" हे विधान, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. त्यासाठी कटकारस्थानाची गरज नाही.

आता माझं मत. आर्याचं गाणं सफाईदार होतं. आई श्रुती आंबेकर स्वतः शास्त्रीय गायिका, त्यामुळे घरातच रियाजाची शिस्त. प्रथमेशकडे त्या वयात थक्क करणारी बैठक होती. अभंग किंवा नाट्यपद म्हणताना तो कुठे घाई करत नसे. पण कार्तिकीकडे जे होतं ते इतर कुणाकडे नव्हतं. खडा, उघडा, मोकळ्या माळावर म्हणावा तसा आवाज. वडील कल्याणजी गायकवाड संगीत शिकवणारे आणि गाव आळंदी, जिथे जोग महाराजांची वारकरी शिक्षण संस्था १९१७ पासून आहे आणि उंच पट्टीत, टाळ-पखवाजावर गाणारी मुलं गल्लोगल्ली दिसतात. ती 'घागर घेऊन' ही गवळण म्हणायची तेव्हा मायक्रोफोन उगाच ठेवलाय असं वाटायचं. तान घेताना मान किंचित तिरकी, एक हात वर, आणि शब्द असे फेकायचे की ढोलकीवाल्याला आपोआप चेव यावा. ज्या घरांत भावगीतांच्या कॅसेटी कधी नव्हत्या पण काकडआरती रोज होती, त्या घरांना पहिल्यांदाच 'आपलं' गाणं टीव्हीच्या मुख्य वेळेत दिसलं. तिला मतं पडली यात मला तरी नवल वाटत नाही.

परीक्षक कोण होते? सूत्रसंचालन कोणाचं?

वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते परीक्षक, पल्लवी जोशी सूत्रसंचालक. वैशाली आणि अवधूत ही जोडी आधीच पॉपगीतांमुळे घरोघरी माहीत होती, अवधूतचं "चाबूक!" तर शाळेच्या मैदानावरही ऐकू यायला लागलं.

पल्लवी जोशींबद्दल थोडं जास्त. त्या स्वतः बालकलाकार म्हणून कॅमेऱ्यासमोर आलेल्या. कदाचित म्हणूनच मुलांशी बोलताना त्यांचा सूर कधी लाडिक-बोबडा झाला नाही. मूल अडखळलं तर वाक्य त्याच्याऐवजी पूर्ण करून टाकायचं नाही, थांबायचं, हे त्यांना जमायचं. नंतरच्या कित्येक कार्यक्रमांत सूत्रसंचालकाने मुलाच्या तोंडी विनोद घातलेला दिसतो, तेव्हा हा फरक लक्षात येतो.

'नी' आणि 'वरचा सा' म्हणजे काय? गुण आकड्यांत का नव्हते?

मराठी सा रे ग म पमध्ये परीक्षक गुणांऐवजी सप्तकातला (सा रे ग म प ध नी या ओळीतला) स्वर द्यायचे. जितका वरचा स्वर, तितकं चांगलं गाणं. 'ध' म्हणजे बरं झालं, 'नी' म्हणजे उत्तम आणि 'वरचा सा' म्हणजे पैकीच्या पैकी. घरोघरी आजीसुद्धा वरणाला 'नी' द्यायला लागली होती.

याचा एक चांगला परिणाम झाला. दहा वर्षांच्या मुलाला "तुला दहापैकी सहा" असं सांगण्यापेक्षा "तुला ध" सांगणं कमी बोचरं. अर्थात पुढे पुढे 'नी'ची खैरात झाली आणि 'ध' मिळालेलं मूल हिरमुसून बसायला लागलं, म्हणजे आकड्यांचं दुखणं मागच्या दाराने आलंच.

त्या वादकांची नावं काय? ते अजून लोकांच्या लक्षात का आहेत?

संगीत संयोजन कमलेश भडकमकर. सिंथेसायझरवर सत्यजित प्रभू, बासरीवर अमर ओक, तबल्यावर अर्चिस लेले, ढोलकी आणि इतर तालवाद्यांवर निलेश परब. बाकीही मंडळी होती; ही पाच नावं प्रेक्षकांना तोंडपाठ झाली.

हे पर्व का गाजलं असं मला कुणी विचारलं तर मी आधी या लोकांकडे बोट दाखवीन. मुलं गुणी होती हे खरंच, पण गुणी मुलं दर वर्षी सापडतात. समोर बसलेला जिवंत वाद्यमेळ मात्र सापडत नाही. साचेबंद ट्रॅकवर गाणाऱ्या मुलाला ट्रॅकच्या मागे धावावं लागतं. इथे उलटं होतं. मुग्धाने एखादी ओळ जरा लांबवली तर अमर ओक तिच्या मागोमाग जायचे. मूल समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) अर्धी मात्रा आधी आलं तरी तबलजी ती सम गुपचूप त्याच्या पदरात टाकायचा. तुम्ही जुने तुकडे पाहाल तेव्हा एकदा गाणाऱ्याकडे न बघता निलेश परबांच्या चेहऱ्याकडे बघा. ते वाजवतात हातांनी आणि नजर पूर्ण वेळ मुलाच्या ओठांवर. शब्द कधी सुटणार हे तिथून कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे, बासरीवाला किंवा ढोलकीवाला हा टाळ्यांचा धनी असू शकतो हे मराठी प्रेक्षकाला या मंचाने दाखवलं. त्याआधी रेकॉर्डवर किंवा कार्यक्रमपत्रिकेवर वादकांची नावं कोण वाचायचं?

मुलं खरंच तिथे गायची की आधी ध्वनिमुद्रित केलेलं वाजवायचे?

मंचावर वादकांच्या साथीने गायची. प्रक्षेपणाआधी आवाजाचं मिश्रण आणि संकलन होतंच, ते कुठल्याही दूरचित्रवाणी कार्यक्रमात होतं. पण साथ करणारे वादक तुमच्यासमोर दिसत होते आणि मुलांच्या चुकाही ऐकू येत होत्या. परीक्षकांनी दाखवलेल्या चुका घरच्या टीव्हीवर पकडता यायच्या, यापेक्षा वेगळा पुरावा मला नको.

मुलग्यांचे आवाज मध्येच बदलले असं वाटतं. ते खरं का?

त्या वयात ते होणारच. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलग्यांचा स्वरयंत्राचा भाग झपाट्याने वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. याला आपण 'आवाज फुटणं' म्हणतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण दोन-तीन स्वरांनीच, म्हणून तो कानाला तितका जाणवत नाही.

गाणाऱ्या मुलासाठी हा फार अडचणीचा काळ. काल काळी चारमध्ये (हार्मोनियमवरच्या उंच पट्टीत) सहज गायलेलं गाणं आज वरच्या षड्जाला, म्हणजे 'सा'ला, चिरकतं. खालचे स्वर अजून भरलेले नसतात, म्हणजे वर जाता येत नाही आणि खाली काही सापडत नाही. जाणते गुरू अशा वेळी पट्टी उतरवतात, ताणून गायला मनाई करतात, आणि बरेचदा मंद्रातला (खालच्या सप्तकातला) रियाज व ऐकणं यांवर भर देतात. काही घराण्यांत तर मुलाला काही महिने जाहीर गाऊच देत नसत.

स्पर्धेचं वेळापत्रक मात्र स्वरयंत्रासाठी थांबत नाही. चौदा वर्षांच्या आतबाहेरच्या मुलग्याला अशा पर्वात उतरवणं म्हणजे दैवावर हवाला. रोहित आणि प्रथमेश दोघेही त्याच उंबरठ्यावर होते आणि दोघेही मोठेपणी उत्तम गातात, हे त्यांच्या शिकवणाऱ्यांचं यश. सगळ्यांच्या वाट्याला ते येत नाही. पहिल्या काही भागांत चमकलेले कित्येक मुलगे आवाज बदलल्यावर गाण्यातून बाहेर पडतात, आणि त्यांच्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही.

टोपणनावं काय होती?

मुग्धा 'लिटिल मॉनिटर', प्रथमेश 'मोदक'. मुग्धा पाचांत सर्वांत लहान, तरी रुबाब मॉनिटरचाच, म्हणून ते नाव. प्रथमेशला मोदक का म्हणत, ते त्या वेळचे गाल पाहिल्यावर कळतं.

इतक्या लहान मुलांना रात्रीबेरात्री चित्रीकरणाला बसवणं योग्य होतं का? कायदा काही नाही?

त्या वेळी हा वाद जोरात होता. त्याच २००८ मध्ये बंगालमधल्या एका कार्यक्रमात परीक्षकांनी कठोर बोल सुनावल्यावर एका मुलीची वाचा गेली, अशी बातमी देशभर गाजली. कारण तेच होतं की दुसरं आजारपण, यावर पुढे मतभेद झाले. पण मुलांच्या स्पर्धांकडे बघण्याची नजर त्यामुळे बदलली.

कायदा म्हणाल तर २००८ मध्ये अशा मुलांसाठी नेमकी चौकट नव्हतीच. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांत प्रथमच स्पष्ट मर्यादा आल्या. मुलाने दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांहून अधिक काम नाही. निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकायचा. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमायची. शाळा बुडू द्यायची नाही.

जून २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानेही वाहिन्यांना सूचना केली की मुलांकडून मोठ्यांच्या चित्रपटांतली नृत्यं त्याच अदाकारीने करून घेऊ नका. ती मुख्यतः नाचाच्या कार्यक्रमांसाठी होती, पण मुद्दा गाण्याच्या मंचांनाही लागू पडतो. लिटिल चॅम्प्समध्ये लावण्या झाल्या होत्या. गायल्या गेल्या एवढंच, पण शृंगारिक ठसक्याच्या ओळी दहा-बारा वर्षांच्या मुलींकडून म्हणवून घेणं मला तेव्हाही रुचलं नव्हतं, आजही रुचत नाही. गवळणी, अभंग, बडबडगीतं, नाट्यपदं एवढा खजिना हाताशी असताना त्याची काय गरज?

पाचजण पुढे काय करतात?

आर्या पार्श्वगायनात स्थिरावली आणि २०१७ मध्ये 'ती सध्या काय करते' या चित्रपटात नायिका म्हणूनही दिसली. 'चंद्रमुखी'तलं 'बाई गं' तिच्याच आवाजात आहे. एरवी नाजूक म्हणून ओळखला जाणारा तिचा गळा तिथे बैठकीच्या लावणीत कसा मुरलाय, ते ऐकण्यासारखं आहे.

रोहित हिंदीकडे वळला. इंडियन आयडॉलच्या अकराव्या पर्वात तो महाअंतिम फेरीपर्यंत गेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये उपविजेता ठरला. लहानपणी या मंचावर वेगवान, पाश्चात्य ढंगाची गाणी त्याच्याच वाट्याला यायची, आणि तोच बाज त्याने पुढे नेला.

प्रथमेश आणि मुग्धा शास्त्रीय, अभंग आणि नाट्यसंगीताच्या मैफिलींत रमले. कार्तिकी भक्तिगीतं आणि लोकगीतं गाते. तिचा श्रोता तिने सोडला नाही आणि श्रोत्याने तिला.

मुग्धा आणि प्रथमेशचं लग्न झालं हे खरं?

खरं. जून २०२३ मध्ये "आमचं ठरलंय" म्हणून दोघांनी जाहीर केलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये चिपळूणला लग्न झालं. ज्यांनी दोघांना शाळकरी वयात बघितलं होतं त्यांना घरचंच कार्य असल्यासारखं वाटलं. त्याहून जास्त तपशिलात जायची गरज नाही.

२०२१ च्या पर्वात हेच पाच जण परीक्षक होते ना?

हो. टाळेबंदीच्या काळातून बाहेर पडताना झी मराठीने लिटिल चॅम्प्स पुन्हा आणलं आणि या पाचांनाच परीक्षकांच्या जागी बसवलं. सूत्रसंचालन मृण्मयी देशपांडेचं. कल्पना गोड होती, यात शंका नाही. पण पाचही जण जेमतेम विशी-पंचविशीतले, मुलांना दुखवायला न धजणारे. त्यामुळे कौतुकच कौतुक झालं. मुलाला "इथे तुझा गंधार उतरला" असं नेमकं सांगणारं एखादं वडीलधारं माणूस सोबत हवं होतं असं मला वाटत राहिलं.

माझी मुलगी छान गाते. तिला अशा स्पर्धेच्या चाचणीला पाठवू का?

तिच्या गुरूंना विचारा, शेजाऱ्यांना नको. मग पुढच्या गोष्टी बघा. ती न थकता सलग किती गाणी गाते? हरल्यावर दुसऱ्या दिवशी तानपुरा लावून बसते का? घरातलं एक माणूस काही महिने तिच्यासोबत मुंबईत राहू शकतं का? शेवटचा प्रश्न बरेचजण विसरतात, आणि पंचाईत तिथेच होते.

चाचणीत साथीला वाद्य नसेल असं धरून तयारी करा. मुखडा आणि एक अंतरा, स्वतःच्या पट्टीत, सुरुवातीचा षड्ज मनात पक्का. गाजलेलं गाणं घेऊ नका, कारण त्या दिवशी परीक्षकांनी ते आणखी वीसजणांकडून ऐकलेलं असतं. जन्मदाखला जवळ ठेवा. आणि 'निवड करून देतो' म्हणत कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.

जुने भाग कुठे बघायचे? कुठून सुरुवात करू?

यूट्यूबवर सुटी गाणी भरपूर आहेत. चित्र धूसर, आवाज ठीकठाक. कार्तिकीच्या 'घागर घेऊन'पासून सुरुवात करा आणि लगेच प्रथमेशचा एखादा अभंग लावा, म्हणजे दोन टोकं कळतील. मग आर्याचं एखादं भावगीत. हेडफोन लावलात तर डाव्या-उजव्या बाजूला बासरी आणि ढोलकी वेगळी ऐकू येते का, तेही तपासा. काही तुकड्यांत येते, काहींत सगळं एकत्र कालवलेलं आहे.